बोटांच्या रक्तपुरवठ्याचं ऑपरेशन: होकार देण्याआधी

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गारठ्यात खडूसारखी पांढरी पडायची, मग निळी. अनामिकेच्या टोकाची जखम भरेचना, तेव्हा ऑपरेशनचा विषय निघाला. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या निफेडिपिनच्या गोळ्या, हातमोजे सगळं करून झालं होतं. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा, नाहीतर सगळंच पाण्यात.

सर्जनला पहिलं विचारा: धमनी नुसती आकसतेय की बंद झालीय? डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि अँजिओग्राफीत (औषध सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा फोटो) ते कळतं. बंद असेल तर आपलीच एखादी शीर काढून बायपास करतात. आकसत असेल तर मायक्रोस्कोपखाली धमनीवरचं बारीक आवरण सोलतात. आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचे धागे त्यातच असतात. माझं हेच झालं. हाच हुकूम देणारा छातीतला मज्जातंतू कापण्याचाही पर्याय असतो, पण हातावरचा गुण पुढे ओसरू शकतो, शिवाय घाम भलतीकडेच, पाठीवर वगैरे, फुटायला लागतो. मी नको म्हटलं.

घरी आल्यावर बोट अचानक पांढरंफटक किंवा काळपट, थंडगार पडलं तर सकाळ उजाडायची वाट पाहू नका. मूळ आजार, म्हणजे गारठ्यात धमन्या आकसणं, मात्र जात नाही. हातमोजे अजून माझ्या खिशात असतात.