पाण्याजवळ हुकूमशाही, बाकी ढिलाई

१५-१६ वर्षांच्या मुलींचा घोळका घेऊन समुद्रावर जायचं म्हटलं की मोठी माणसं एकतर पोलीस होतात, नाहीतर मैत्रीण. पोलीस झालात तर मुली ताकास तूर लागू देत नाहीत. मैत्रीण झालात तर "बाहेर या" म्हटल्यावर "पाचच मिनिटं गं" ऐकू येतं. मी पोहायला शिकवते, आणि भाचीमुळे तिच्या सगळ्या मैत्रिणींची मावशी झाले आहे. माझा हिशेब सरळ आहे: पाण्याजवळ हुकूमशाही, बाकी जमेल तितकी ढिलाई. केस, कपडे, रील्स, सकाळी उशिरा उठणं यांवर दिवसभर ओरडत राहिलं, तर शिट्टी वाजेल तेव्हा तुमच्याकडे बघणार कोण?

निघण्याआधी

एकटीने जाऊ नका. एखादीला डॉक्टरकडे न्यावं लागलं तर उरलेल्यांजवळ कोण थांबणार? मोठी माणसं किमान दोन हवीत, त्यांत एक तरी बाई, आणि कुणा एकाला सीपीआर (श्वास किंवा हृदय थांबलेल्या माणसाला द्यायचा प्रथमोपचार) नीट देता यायला हवा. बुडालेल्या माणसाची नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. ते व्हिडिओ बघून येत नाही. प्रशिक्षणात पुतळ्यावर हात बसवून घ्यावा लागतो.

पालकांकडून लेखी संमती आणि तब्येतीची माहिती घ्याच: दमा, फिट्स, ॲलर्जी, रोजच्या गोळ्या. पण तेवढ्यावर विसंबू नका, प्रत्येकीला बाजूला घेऊन पुन्हा विचारा. मुरुमांसाठी घेतलेल्या गोळीला कोणी 'औषध' म्हणून फॉर्मवर लिहीत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर त्वचा उन्हात फार लवकर भाजते, आणि या वयात ही औषधं घेणारी एखादी घोळक्यात असतेच. इनहेलर लागणाऱ्या मुलीचा इनहेलर किनाऱ्यावरच्या पिशवीत हवा, खोलीतल्या बॅगेत असून उपयोग नाही.

"पोहता येतं का?" हा प्रश्न कुचकामी आहे, सगळ्या हो म्हणतात. तलावात नेऊन बघा: डोक्यावरून जाईल इतक्या पाण्यात उतरून वर येणं, एक मिनिट तरंगणं, गर्रकन वळून दिशा बदलणं, न थांबता २५ मीटर पोहणं, शिडी न धरता बाहेर येणं. हे सगळं जमलं तर समुद्रात कमरेपर्यंत. एकही अडलं तर गुडघ्यापर्यंत, आणि तेही तुमच्या हाताच्या अंतरावर. तलावात माशासारखी पोहणारी मुलगी समुद्रात नवखीच असते. तिथे कठडा नसतो, तळ सपाट नसतो आणि पाणी स्वतःहून हलत असतं.

पोहण्याच्या कपड्यांचा एकच नियम सांगा: रंग भडक हवा. नारिंगी, झगमगीत गुलाबी, पोपटी. निळा, पांढरा, राखाडी पाण्यात दिसेनासा होतो. कपडा किती झाकतो किंवा दाखवतो, यावर मी बोलत नाही. जीन्स आणि सैल, लांब कपड्यांना मात्र पाण्यात बंदी. ओले झाले की जड होतात आणि पायात गुंततात.

आणि एक करार, मुली आणि पालक दोघांसमोर, निघण्याआधी. मी घरी काय कळवणार? आजारपण, दुखापत, दारू किंवा नशा, न सांगता गायब होणं आणि कुणाला धोका असलेली कोणतीही गोष्ट. बाकीचं माझ्या पोटात. कोण कुणाशी बोलत नाही, कोण रडली, कोणाला कोण आवडतं, हे आईबाबांपर्यंत जाणार नाही. काही पालकांना हे रुचत नाही. त्यांनी मुलीला पाठवू नये किंवा स्वतः यावं.

पाणी

जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा, तो कितीही गजबजलेला असो. निर्जन, सुंदर किनारे फोटोपुरते. पोहोचल्यावर आधी जीवरक्षकाला गाठा आणि आज ओढ, म्हणजे समुद्रात आत नेणारा प्रवाह, कुठे आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी वर लाल आणि खाली पिवळा पट्टा असलेले दोन झेंडे रोवतात, त्यांच्या मधली जागा देखरेखीखाली असते. नुसता लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. देशोदेशी थोडाफार फरक असतो, म्हणून तिथला फलक मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या.

भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवा. भरतीपासून ओहोटीला साधारण सव्वासहा तास लागतात, आणि दोन्ही वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. काल दुपारी चालत गेलेला खडक आज त्याच वेळी पाण्याने वेढलेला असू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं आणि जास्त मागेही जातं.

आता ती ओढ. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत वाहतं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी आजूबाजूपेक्षा गडद आणि शांत दिसतं, कधी फेस किंवा गढूळ वाळू समुद्राकडे जाताना दिसते. नवशिक्या मुली नेमकी हीच जागा निवडतात, कारण तिथे लाटा कमी! हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जाऊ शकतो, त्याच्याशी उलट दिशेने झुंजून ऑलिंपिकमधला जलतरणपटूही दमेल. माणसं बुडतात ती या दमण्यामुळे.

म्हणून मी काठीने वाळूत तो पट्टा आखते आणि प्रत्येकीला त्यातून चालवते. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, ओरडायचं. अंगात त्राण असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि लाटा फुटतात तिथून परत यायचं. मुली खिदळतात, एखादी अभिनय करून बेशुद्ध पडते. खिदळू द्या, पाय लक्षात ठेवतात. याच सरावात दुसरी गोष्ट घटवायची: मैत्रीण ओढली गेली तर मागून उडी मारायची नाही. वाचवायला गेलेलं माणूसही बुडतं. जीवरक्षकाला हाक मारायची आणि तरंगेल असं काहीही तिच्याकडे फेकायचं: बोर्ड, चेंडू, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, ही समजूत डोक्यातून काढा. ओरडणारीला अजून श्वास मिळतोय. खरोखर बुडणारी बहुधा गप्प असते: उभी, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबतायत. किनाऱ्यावरून ती मजेत उभी असल्यासारखी दिसते. शंका आली की नाव घेऊन "ठीक आहेस ना?" विचारा. उत्तर आलं नाही तर विचार करत बसायचं नाही, जीवरक्षकाला बोलवायचं.

खुर्चीत बसून फोनवरून मान न उचलता "जास्त आत जाऊ नका गं" म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आमच्याकडे एक शिट्टी असते. ती ज्याच्या गळ्यात, त्याची नजर पाण्यावर. त्याने फोन बघायचा नाही, वाचायचं नाही, गप्पाही नाहीत. वीस मिनिटांनी दुसऱ्या मोठ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी घालायची आणि "आता तुझ्याकडे" असं तोंडाने म्हणायचं. मधल्या काळात शिट्टी टेबलावर ठेवली, तर पाण्यावर कोणाचीच नजर नाही हे समजावं. एकदा वाजली की सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, दोनदा वाजली की बाहेर, कारण नंतर. बाहेर आल्यावर प्रत्येकीने आपला ठरलेला आकडा ओरडायचा. मोठ्या मुलींना हे बालिश वाटतं, पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच सुरात आकडे म्हणू लागतात.

फुगवलेले हंस, फ्लेमिंगो आणि गाद्या तरणतलावासाठी ठेवा. शाळेत शिकलेले मतलई वारे आठवा: पहाटे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. तशा वाऱ्यात हंस मुलीसकट चालू लागतो, आणि त्याच्यामागे पोहत जाऊन तो हाती लागत नाही. उथळ पाण्यात सूर मारू द्यायचा नाही, मान मोडते. वाळूत गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणायचा नाही, कडा ढासळून माणूस गाडला जातो. हिरव्या शेवाळाच्या ओल्या खडकांवर सेल्फी नाही. अंधार पडल्यावर पाणी बंद. दारूच्या घोटानंतर तर कधीच नाही, आणि हे मोठ्यांनाही लागू.

ऊन, पाळी आणि बाकी कुरबुरी

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर. कानाच्या पाळ्या, पावलांच्या वरची बाजू आणि केसांचा भांग हमखास राहतात. ढगाळ दिवशीही चामडी सोलवटते. "मला टॅन हवाय" म्हणणारीशी वाद न घालता तिला सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाण्यात सोडा, दुपारी सगळ्यांनाच सावलीत. एखादी चक्कर येऊन घामाघूम झाली तर सावली, पाणी, पाय वर. ती असंबद्ध बोलू लागली किंवा तिला शुद्ध राहीना, तर तो उष्माघात. अंगावर भरपूर पाणी ओतत राहा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

मुलींच्या सहलीत पाळी येणारच, कुणाची तरी ठरलेल्या तारखेच्या आधी. एक पिशवी न्हाणीघरात सगळ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा: पॅड, टॅम्पॉन, वेदनाशामक गोळ्या, गडद रंगाची जादा अंतर्वस्त्रं, कागदी पिशव्या. कोणाला मागावं लागू नये हा हेतू. (गोळी मात्र फॉर्म बघून आणि तुम्हाला सांगूनच.) पाळीत समुद्रात जायला हरकत नाही. पॅड मात्र पाण्यात फुगतं आणि निरुपयोगी होतं, त्याऐवजी टॅम्पॉन किंवा कप लागतो. टॅम्पॉन ८ तासांहून जास्त ठेवू नये. ज्या मुलीने यांतलं काही कधी वापरलं नाही, तिच्यावर समुद्रकिनारीच शिकायची सक्ती कशाला? ती काठावर बसणार असेल तर तिच्यासोबत कोण कोण, हे आधी ठरवा. एकटी बसलेली मुलगी फोनमध्ये बुडते आणि संध्याकाळपर्यंत तिचा मूड रसातळाला जातो.

जेलीफिश डसला तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, आणि लघवीचा तो प्रसिद्ध उपाय तर मुळीच नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४० ते ४५ अंश, किमान वीस मिनिटं तो भाग बुडवा. व्हिनेगर सगळ्याच जातींना चालत नाही, तिथला जीवरक्षक सांगेल तसं करा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

संध्याकाळ आणि रात्र

फिरायला सोडताना दोघी नाही, तिघी. एकीचा पाय मुरगळला तर एक तिच्याजवळ थांबते, एक मदत आणते. शिवाय दोघींचं भांडण झालं की दोन एकट्या मुली उरतात. गट करताना प्रत्येकीकडून चिठ्ठीवर एकच नाव मागा, "ही माझ्यासोबत हवीच". बाकी वाटणी तुमची. जिचं नाव कोणत्याच चिठ्ठीत नाही, ती तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळते. तिला सगळ्यांत मनमिळाऊ मुलीच्या गटात घाला आणि तोंडातून चकार शब्द काढू नका.

किनाऱ्यावर मुलं भेटतील. भेटू देत. गप्पा उघड्यावर, माझ्या नजरेच्या टप्प्यात. कुणाच्या गाडीत बसायचं नाही, कुणाच्या खोलीत जायचं नाही, नजरेआड झालेल्या ग्लासातलं प्यायचं नाही. एखादीला निसटायचं असेल पण नाही म्हणता येत नसेल, तर तिने मला ठरलेलं एक चित्र पाठवायचं. मी लगेच फोन करते आणि पलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "आत्ताच्या आत्ता ये" म्हणून खेकसते. तिने तोंड वाकडं करून "मावशी खडूस आहे" म्हणावं आणि निघावं. खडूसपणा अशा कामी खुशाल वापरू द्यावा.

तरीही कोणी प्यायलीच, तर त्या रात्री भाषण नाही. कुशीवर झोपवायचं, एकटं सोडायचं नाही, श्वास बघत राहायचं. जागी होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, तर रुग्णवाहिका. बोलणं सकाळी, आणि करारानुसार घरी फोन तिने स्वतः करायचा, मी शेजारी बसून.

फोटोंचा नियम मुलींनाच ठरवायला लावा, तो तुमच्यापेक्षा कडक निघतो. आमच्याकडे असा निघाला: पोहण्याच्या कपड्यांतला कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि राहत्या जागेचं नाव तिथून निघेपर्यंत कुठेही दिसू द्यायचं नाही. खोलीचा क्रमांक बाहेर मोठ्याने उच्चारायचा नाही, हे मी जोडलं.

खोल्या शेजारी-शेजारी, मोठ्यांची खोली जिन्याच्या बाजूला. ठरलेल्या वेळी दारावर टकटक, आकडे, शुभरात्री. त्यानंतर आत कुजबुज चालू राहिली तरी मी जात नाही. झोप न झालेलीला सकाळी पाणी मिळत नाही, एवढं माहीत असलं की बाराच्या सुमाराला आवाज आपोआप कमी होतो. खरी बोलणी मात्र याच वेळेला निघतात, म्हणून मी थोडा वेळ बाहेर बसते. एखादी येते, दहा मिनिटं भलतंच काही बोलते आणि मग मुद्द्यावर येते. मध्ये तोडू नका.

शेवटचा दिवस

निघायच्या दिवशी पाणी बंद. "शेवटची एक डुबकी" घाईत असते, तोवर सगळे दमलेले असतात आणि शिट्टी कुठल्यातरी बॅगेत गेलेली असते. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की रुसवे कमी होतात. गाडी सुटण्याआधी आकडे, प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा आकडे. घरी सोडताना फॉर्मवर नाव असलेल्या माणसाच्याच ताब्यात मुलगी द्या. ऐनवेळी दुसरेच काका आले, तर त्यांच्यासमोर आईला फोन लावा, त्यांना राग आला तरी. उरलेले चार्जर आणि एकेरी चपला यांचा एक फोटो ग्रुपवर टाका आणि आठवडाभर थांबा. मालकीण बहुतेक वेळा तीच निघते, जी पहिल्या दिवशी "माझं काहीच हरवलं नाहीये" म्हणाली होती.