डिमेन्शियाच्या मंडळींचा गट कसा चालवावा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजी-आजोबांचा गट घेते. पद्धत लंडनहून आलेली, कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी, म्हणजे गटात गप्पा आणि खेळांतून विचारांना चालना देणं. संशोधक एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या चाचणीत २०१ जण होते. गटात बसलेल्यांची विचारशक्ती आणि जगण्याची गुणवत्ता, दोन्हींत फायदा दिसला. चेन्नईत ती तमिळमध्येही बसवली आहे. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, सात आठवडे, एकूण १४ सत्रं. आजार याने बरा होत नाही, औषधं चालूच ठेवायची.

पाच ते आठ माणसं घ्या, आजार सौम्य किंवा मध्यम असलेली. चष्मा आणि कानाचं मशीन घरूनच लावून पाठवा, असं घरच्यांना आधी फोन करून सांगा. ऐकू न आल्यामुळे गप्प बसलेल्या माणसाला ‘काही कळत नाही’ म्हणतात, याचा मला फार त्रास होतो. चालवणारे दोघे हवेत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने कुणी अस्वस्थ झालं तर शेजारी जाऊन बसायचं.

सुरुवातीला मऊ चेंडू एकमेकांकडे टाका. फळ्यावर गटाचं नाव (ते मंडळींनीच ठरवावं), वार आणि तिथी लिहा. ‘आज वार कोणता, सांगा बरं?’ असं मात्र कधीही विचारू नका. फळ्यावरचं आपणच मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, ‘आज एकादशी. साबुदाण्याची खिचडी बरी की वरीचे तांदूळ?’ साऱ्या पद्धतीचं मर्म इथे आहे. आठवण विचारली की माणूस अडखळतो, चारचौघांत खजील होतो आणि पुढच्या वेळी यायला नको म्हणतो. मत विचारलं तर त्यात चुकायला जागाच नसते.

पदार्थांच्या सत्राला हिंग, सुंठ, वेलची, जायफळ छोट्या डब्यांतून फिरवा. ‘पुरणात वेलची घालावी की जायफळ?’ यावर आमच्याकडे जोरदार वाद झाला. एरवी तोंड न उघडणाऱ्या काकू म्हणाल्या, “दोन्ही घाला. पण जायफळ हात राखून.” मग पुरण कितपत शिजवावं हेही त्यांनीच सांगितलं.

पैशांच्या सत्राला पाच पैशांचं चौकोनी, वीस पैशांचं षट्कोनी नाणं हातात द्या. ‘नातवंडांना खाऊला पैसे द्यावेत की खाऊच आणून द्यावा?’ एवढं पुरतं. म्हणी, गावांच्या भेंड्या, जुने आवाज, बातम्या, सगळं असंच चालतं. बालवाडीची चित्रं आणू नका. निवृत्त शिक्षिकेला ‘बाई’ म्हणा, लाडिक बोलू नका.

१४ सत्रं झाली की गट मोडू नका. पुढे आठवड्यातून एकदा, २४ आठवडे चालवण्याचीही आखणी आहे. आणि न्यायला आलेल्या मुलाला, सुनेला दारातच त्या दिवसाचा विषय सांगा, म्हणजे रात्री जेवताना तोच धागा धरून बोलता येतं.