खोडव्यातलं पाचट : जिवाणूंना आधी खायला घाला

ऊसतोडणीची टोळी फडाबाहेर पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धूर दिसतोच. पाचट, म्हणजे तोडणीनंतर फडात राहिलेला उसाचा वाळलेला पाला, पेटवण्याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत: मजूर मिळत नाही, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, उंदीर-सापाची भीती. कारणं खोटी नाहीत. पण एकरी 3 ते 4 टन पाचट निघतं, त्यात साधारण 0.5 टक्का नत्र, 0.2 टक्का स्फुरद, 0.7 ते 1 टक्का पालाश आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र धुरातून जातो, आणि तेच नत्र आपण पुढच्या आठवड्यात दुकानातून पोत्यानं आणतो.

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत पाचट ठेवणारे वाढले, तशी एक तक्रारही वाढली: "संवर्धक टाकलं, काही झालं नाही." बहुतेक ठिकाणी दोष संवर्धकाचा, म्हणजे पाचट कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींच्या पुडीचा, नसतो. पुडी फोडून पाचटावर भुरभुरली की काम संपलं, असं समजलं जातं, तिथं गडबड होते.

पाचटात कर्ब आणि नत्राचं प्रमाण 70-80 ला 1 असं असतं. कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींना 25-30 ला 1 असलेलं खाणं मानवतं. कर्ब भरपूर, नत्र तोकडं, म्हणजे नुसती भाकरी आणि कालवण नाही. मग हे जीव मातीतलं नत्र ओढतात. फुटवे पिवळे पडतात आणि आपण म्हणतो, पाचटानं खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) बसला. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत संवर्धकाबरोबर युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट आहे: हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट, 10 किलो पाचट कुजवणारं संवर्धक. एकराला 32, 40 आणि 4 किलो धरा. 32 किलो युरियातून सुमारे 15 किलो नत्र मिळतं. 4 टन पाचटात आधीच 20 किलो असतं. एवढ्यानं 80 चं प्रमाण पंचेचाळीसच्या आसपास येतं आणि कुजणं मार्गी लागतं. हा युरिया वाचवायला जाऊ नका.

कामाचा क्रम असा ठेवा. तुटलेल्या उसाचं पाचट सरीत ओढून सारखं पसरा, बुडखे मोकळे करा आणि धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. बुडखा उंच राहिला तर वरचे डोळे फुटतात आणि ते फुटवे कमजोर निघतात. कापावर 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून फवारा, पण फवारा बुडख्यावरच राहू द्या. संवर्धकात ट्रायकोडर्मासारखी बुरशी असते, बुरशीनाशक तिलाही मारतं. मी तर मध्ये दोन-तीन दिवस जाऊ देतो.

मग युरिया आणि सुपर फॉस्फेट पाचटावर फोका. संवर्धक त्यात मिसळू नका; ते चाळलेल्या, ओलसर शेणखतात कालवून ऊन उतरल्यावर वेगळं टाका. लगेच पाणी द्या. वाफसा येण्याआधी, जमीन ओली असतानाच, सरीतून चालून पाचट पायानं दाबून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच वगळलं जातं. मातीला न टेकलेलं पाचट वरच्या वर वाळत राहतं, कुजत नाही.

ठिबकवाल्यांनी एवढं धरून चालावं की सरीतलं सगळं पाचट भिजणार नाही. नळीजवळचं आधी कुजेल, बाकीचं पावसाळ्यात. तोवर ते आच्छादनाचं काम करतंच: तण कमी उगवतं, उन्हाळ्यात ओल टिकते. यंत्रानं तोडणी झाली असेल किंवा पाचटाची कुट्टी केली असेल तर तुकडे बारीक असल्यानं काम लवकर होतं.

पुडीऐवजी द्रव कल्चर वापरायचं असेल तर गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोझर घरी वाढवता येतं. प्लॅस्टिकच्या टाकीत 200 लिटर पाणी, 2 किलो गूळ आणि एक बाटली. काठीनं रोज दोनदा ढवळा, तोंड कापडानं झाका. पाच-सात दिवसांत तयार होतं. त्यातलं 20 लिटर बाजूला ठेवून गूळ-पाणी घातलं की पुढची टाकी लागते. तरीही वरचा युरिया चुकत नाही. टाकीत जीव वाढले, पण शेतात त्यांना खाणं लागणारच. कोणतंही संवर्धक घेताना उत्पादनाची तारीख बघा. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेली पुडी स्वस्तात मिळाली तरी नको.

खोडवा 15 फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच ठेवा, त्यानंतर फुटवे उन्हात सापडतात आणि खोडकिडीचा जोर वाढतो. चाबूक काणी किंवा गवताळ वाढ हे रोग दिसलेल्या फडाचा खोडवा ठेवूच नका. पाचट असलेल्या सरीत बगला (वरंब्याच्या कडा) फोडता येत नाहीत, त्याची गरजही नाही. माती परीक्षणाप्रमाणे येणाऱ्या रासायनिक खताचे दोन सारखे भाग करा. पहिला तोडणीनंतर 15 दिवसांत, दुसरा 135 दिवसांनी, दोन्ही पहारीनं, बुडख्यापासून 10-15 सेंटिमीटरवर आणि तेवढ्याच खोल भोकात. दुसऱ्या हप्त्याला पहार सहज आत गेली आणि पाचटाखाली गांडुळाची विष्ठा दिसली, तर काम जमलं असं समजा.