टोकामॅकच्या कडेचा उजेड मोजायला निघालेल्या खान्देशी पोरापोरींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून "ताई, प्लाझ्मा स्पेक्ट्रोस्कोपीत यायचंय, काय करू" असं विचारणारे बरेच जण आहेत, म्हणून एकदाच लिहून टाकते. (टोकामॅक म्हणजे चुंबकीय क्षेत्राने तापलेला प्लाझ्मा, म्हणजे आयन नि इलेक्ट्रॉनचा वायू, कोंडून ठेवणारं यंत्र, आणि स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे त्याच्या उजेडातले रंग मोजून आत काय चाललंय ते ओळखणं.) जेस्ट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायची, एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर गांधीनगरजवळच्या भाटच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या समर स्कूलला अर्ज टाकायचा, आदित्य-यू हा टोकामॅक तिथेच आहे, हे सगळं तुम्हाला माहीतच असेल. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, मराठी मीडियमवाले तिथे टिकतात, मी टिकले.

आता जिथे जवळजवळ सगळे आपटतात ते सांगते. शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवायची एक खेप, चालू आहे, मध्येच गॅस पफ (गॅसचा छोटा झोत) मारला आणि कार्बन-थ्रीचा, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गेलेल्या कार्बनचा, 464.7 नॅनोमीटरच्या लाइनचा (ठरावीक रंगाच्या उजेडाचा) सिग्नल टणकन वर गेला. शेजारी बसलेला लगेच म्हणणार, "बघ, कार्बन वाढला." अरे बाबा, लाइनचा उजेड म्हणजे कार्बन नाही! उजेड ठरतो तीन गोष्टींनी, असे कार्बन आयन किती, तिथली इलेक्ट्रॉन घनता किती, आणि इलेक्ट्रॉनच्या धडकेने उजेड निघायचा तापमानावर अवलंबून असलेला रेट किती, आणि हा सगळा गुणाकार तुमच्या लाइन ऑफ साइटवर, म्हणजे तुमचा डिटेक्टर बघतो त्या सरळ रेषेवर, बेरीज होऊन येतो. गॅस मारला की घनता वाढते, म्हणजे कार्बन तेवढाच राहूनही लाइन वर जाणार. भरीत पार्टीला धूर जास्त दिसला म्हणून वांगी जास्त असं आपण म्हणतो का, पऱ्हाट्या ओल्या असतील की.

बरं, घनतेने भागलं म्हणजे सुटलो असंही नाही. घनता मोजणारा इंटरफेरोमीटर जी घनता देतो ती मधून आरपार जाणाऱ्या रेषेची सरासरी, आणि हा आयन राहतो कडेच्या पातळ थरात, कारण त्याचा पुढचा इलेक्ट्रॉन काढायला 47.9 इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं नि प्लाझ्माच्या तापमानाचंही एकक) लागतात, त्यामुळे आतल्या गरम भागात तो उरतच नाही. म्हणून कडेची घनता नि तापमान लँगम्युअर प्रोबवरून (प्लाझ्मात घातलेल्या छोट्या धातूच्या टोकावरून) घ्या, किंवा हेलियमच्या 667.8, 706.5 आणि 728.1 या लाइनींच्या गुणोत्तरावरून. मग उजेडावरून कणांचा हिशोब काढायला लागतो एस/एक्सबी, म्हणजे एका फोटॉनमागे किती आयनीकरणं होतात तो आकडा. एच-अल्फासाठी (हायड्रोजनची लाल लाइन) साधारण 15 असं सगळे डोळे झाकून लिहितात, पण प्लाझ्मा दोन-तीन इव्हीपर्यंत थंड झाला की तो बराच खाली येतो. ओपन-एडास हा अणूंच्या आकड्यांचा डेटाबेस फुकट आहे, आपल्या तापमानाला किती येतो ते स्वतः काढा, सीनियरच्या एक्सेलमधून उचलू नका.

उलटं पण होतं हां. कॅम्पेन (प्रयोगांचा हंगाम) पुढे गेली तशी ज्यातून उजेड बाहेर येतो त्या खिडकीच्या आतल्या बाजूला थर बसत जातो, निळा उजेड लालपेक्षा जास्त अडतो, 464.7 हळूहळू उतरते नि सगळे खूश की भिंत स्वच्छ झाली! वेसल, म्हणजे प्लाझ्माचं भांडं, उघडली की इंटिग्रेटिंग स्फिअरने (ठाऊक तीव्रतेचा एकसारखा उजेड देणाऱ्या गोळ्याने) कॅलिब्रेशन परत करा, तीच खिडकी, तीच फायबर, तोच गेन ठेवून. पारा किंवा निऑनच्या दिव्याने फक्त वेव्हलेंग्थ जुळते, तीव्रता नाही, हे दोन कॅलिब्रेशन वेगळे आहेत आणि व्हायव्हात हमखास विचारतात.

एच-अल्फाला फिल्टर नि पीएमटी (अंधूक उजेड मोजणारी नळी) लावणार असाल तर फिल्टरची रुंदी बघून घ्या. कार्बन-टूच्या (एक इलेक्ट्रॉन गेलेल्या कार्बनच्या) 657.8 आणि 658.3 या लाइनी तिथेच खेटून आहेत, रुंद फिल्टर त्यांनाही आत घेतो, आणि फिल्टर थोडा तिरका बसला की त्याचा पासबँड (तो आत सोडतो तो रंगांचा पट्टा) निळ्याकडे सरकतो.

गाईडबद्दल माझं मत जरा कडू आहे. मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका, शॉटच्या वेळी कंट्रोल रूममध्ये बसणारा निवडा. आणि फायबर कुठे वाकलीय, कुठल्या पोर्टची खिडकी कधी बदलली, हे टेक्निशियन काकांना पाठ असतं, त्यांच्याशी नीट वागा, चहाला सोबत जा. लाइन आपोआप ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर पहिलं वर्षभर तरी बंदी घाला स्वतःवर, निस्ट या अमेरिकन संस्थेचं लाइनींचं टेबल उघडून हाताने खुणा करा. कंटाळा येतो, मलाही यायचा, पण 464.7, 465.0, 465.1 असे तिन्ही जवळजवळचे शेंडे एकदा आपल्या स्पेक्ट्रममध्ये स्वतः ओळखले की नंतर कोणी काहीही सांगो, फसत नाही.

पहिल्या वर्षी हाती काही लागत नाही, घाबरू नका, सगळ्यांचं तसंच असतं. समर स्कूलला निवड झाली तर जायच्या आधी इंटेन्सिटीचं समीकरण सगळ्या युनिट्ससकट कागदावर मांडून बघा, 4π चा गुणक कुठून येतो तेवढं कळलं तरी अर्धा प्रोजेक्ट सोपा जातो.