‘तुम्हाला तर उर्दू येतच असेल’

एम.ए.च्या प्रबंधासाठी ‘महाराष्ट्रातील मुस्लिम राजकारण’ हा विषय मी लिहून दिला, तेव्हा मार्गदर्शक सर खूश झाले. म्हणाले, “बरं झालं, उर्दू साधनं तुम्हाला थेट वाचता येतील.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला उर्दूचं पहिलं अक्षर, अलिफसुद्धा ओळखता येत नव्हतं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घराणं मुलाण्यांचं. शाळा जिल्हा परिषदेची. आज्जी नमाज अरबीत पढायची आणि आज्जाशी भांडायची मराठीत. उर्दू आमच्याकडे फक्त लग्नपत्रिकेच्या एका कोपऱ्यात असायची, आणि तीही छापखानेवाल्याच्या भरवशावर.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. धर्म, भाषा, बिरादरी (म्हणजे जातीसारखा गट) आणि प्रदेश असे चार रकाने वहीत वेगवेगळे आखा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम सुमारे 1 कोटी 30 लाख, आणि मातृभाषा उर्दू सांगणारे साधारण 75 लाख. उरलेल्यांत कोकणी मुस्लिम आहेत, आमच्यासारखे देशावरचे मराठी बोलणारे आहेत. त्यातही गंमत अशी की आमच्याच नात्यातल्या एका घरी प्रगणकाशी सगळं बोलणं मराठीत झालं आणि शेवटी ‘भाषा उर्दू लिहा’ असं सांगितलं गेलं. मी तिथेच बसले होते. तेव्हा मला ते खोटं वाटलं. आता वाटतं, त्या घराने आपली ओळख सांगितली, बोली नाही. अभ्यासाला दोन्ही हव्यात, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

उर्दू मी तेविसाव्या वर्षी शिकले. लिपीची भीती अवाजवी आहे. अक्षरओळख महिन्याभरात होते. छळतात ते दोन प्रकार. ‘स’साठी तीन अक्षरं आणि ‘ज़’साठी चार, त्यामुळे शब्दकोशात शब्द सापडत नाही. आणि ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, म्हणजे शब्द आधी माहीत असेल तरच वाचता येतो. इथे मराठी माणसाला आयती मदत मिळते, कारण अर्धे शब्द घरचेच निघतात. पण नेमके तेच फसवतात. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश, ‘दफ़्तर’ म्हणजे कार्यालय, ‘मज़कूर’ म्हणजे वर उल्लेखलेला, ‘मुलाक़ात’ म्हणजे नुसती भेट. एका जुन्या अंकातल्या ‘खुलासा’चं मी ‘स्पष्टीकरण’ करून टाकलं आणि त्यावर अडीच पानांचा युक्तिवाद उभा केला. तो सगळा खोडावा लागला.

उगमाबद्दल बहुतेक विद्यार्थी एकच वाक्य लिहितात: उर्दू ही लष्कराच्या छावणीत जन्मलेली भाषा. ‘ओर्दू’ या तुर्की शब्दाचा अर्थ छावणी, एवढंच त्यात खरं. भाषेचं नाव म्हणून ‘उर्दू’ रुळलं अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी तिलाच हिंदवी, हिंदी, गुजरी, दखनी, रेख्ता म्हणत. आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे दिल्लीचा बादशाही परिसर. पाया दिल्लीच्या आसपासच्या खडी बोलीचा असला, तरी साहित्याची भाषा म्हणून ती आधी वाढली आपल्या बाजूला. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेत आणली, 1347 मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली, पुढे गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतःच दखनीत कविता लिहू लागला. त्या दखनीत मराठी ‘नको’चं ‘नक्को’ झालं आणि आपला ‘च’ ‘ऐसाइच’मध्ये जाऊन बसला. औरंगाबादचा कवी वली 1700 मध्ये दिल्लीला गेला. नंतर त्याचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, तिथे पोचला, तेव्हा फारसीत रमलेल्या दिल्लीकरांना आपल्या भाषेतही गझल लिहिता येते हे उमगलं. मराठी विद्यार्थ्याने उर्दूकडे परकी म्हणून पाहावं, हे मला म्हणूनच जरा विनोदी वाटतं.

मग ती ‘मुसलमानांची’ कधी झाली? याचं उत्तर राजकारणात शोधा, व्याकरणात नाही. 1837 मध्ये कंपनी सरकारने फारसी कचेऱ्यांतून काढली. उत्तरेत तिची जागा उर्दूने घेतली, 1867 मध्ये बनारसला देवनागरी लिपीची मागणी उठली, 1900 मध्ये नागरीला कचेऱ्यांत मान्यता मिळाली. भांडण नोकऱ्यांचं आणि लिपीचं होतं, शिक्का धर्माचा बसला. आपल्याकडे त्याच काळात निजामाच्या राज्यात मराठवाड्यातले हिंदू वकील आणि मास्तर उर्दूतून शिकत होते. त्यांच्या हातच्या वह्या अजून काही घरांत आहेत. मागून पाहा, लोक आनंदाने दाखवतात.

क्षेत्रकामाला मी मालेगावला गेले. 1857 च्या आगेमागे आणि नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांच्या वंशजांचं, यंत्रमागांचं हे शहर. पहिल्या भेटीत जात विचारली की ‘इस्लाममध्ये जात नसते’ हे उत्तर ठरलेलं. वाद घालू नका, चहा प्या. तिसऱ्या चहाला सोयरिकीचा विषय काढा. मग अन्सारी, बागवान, पिंजारी, सय्यद सगळे आपापल्या जागी येऊन बसतात. ही उतरंड कळल्याशिवाय ‘समाजाचं राजकारण’ कळत नाही. ओबीसी सवलतीत अनेक मुस्लिम बिरादऱ्या आहेत. अनुसूचित जातींच्या यादीत मात्र 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे मुस्लिमांना जागा नाही; शीख 1956 मध्ये आणि बौद्ध 1990 मध्ये आत आले. 2014 मध्ये राज्याने मुस्लिमांसाठी 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शिक्षणापुरता तो राहू दिला, पुढे कायदाच झाला नाही. यावर बोलताना माणूस कुठल्या बिरादरीतून बोलतो आहे, हे आधी टिपा.

वाचनात एक खोड टाळा. मराठी विद्यार्थी समाजसुधारक हमीद दलवाईंवर येऊन थांबतो. तोंडी तलाकविरुद्धचा त्यांचा 1966 चा सात महिलांचा मोर्चा आणि 1970 मध्ये पुण्यात स्थापन झालेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ हे टाळून चालणारच नाही. पण विचारवंत फक्रुद्दीन बेन्नूरही मराठीतच लिहीत होते, आणि 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं त्यामागे ते होते. त्यांचं नाव संदर्भसूचीत क्वचित दिसतं. का, ते मला अजून कळलेलं नाही. आणि मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा सच्चर समितीचा 2006 चा अहवाल मूळातून वाचा. वर्तमानपत्रातल्या चौकटीतून नको.

अकोला जिल्ह्यातल्या पातूरच्या नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने ती पाटी ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे असं स्पष्ट म्हटलं. निकाल छोटा आहे, वाचायला सोपा. मी तो विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात देते.

नोकरीचं विचाराल, तर प्राध्यापकीच्या जागा कमी, हे खोटं बोलून लपवत नाही. पण 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. मलाही एका कार्यालयात बोलावलं. लिपिकाने बस्ता पुढे सरकवत म्हटलं, “वाचा मॅडम, तुमची तर घरचीच भाषा.” बस्त्यातलं लेखन शिकस्ता वळणाचं, घाईचं, नुक्ते (अक्षरांचे ठिपके) बहुतेक गळालेले. नुक्ते नसले की ‘कुनबी’तला नून आणि बे सारखेच दिसतात. पहिल्या दिवशी मला चार पानंसुद्धा वाचता आली नाहीत. शेजारच्या खुर्चीवर ऐंशीच्या पुढचे एक निवृत्त मास्तर होते, कपाळाला गंध लावलेले. त्यांनी चष्मा वर केला, पान माझ्याकडून ओढून घेतलं आणि खडाखडा वाचायला सुरुवात केली.