टूर द फ्रान्सच्या दिवशी आल्प द्युएझला जायचं कसं आणि मुख्य म्हणजे परत यायचं कसं

पालखीच्या दिवशी एफसी रोडच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला आपली गाडी, असं ज्याचं एकदा झालंय त्याला पुढचं अर्धं आधीच कळलं असणार. टूर द फ्रान्स या सायकल रेसचं अगदी तसंच आहे, फरक इतकाच की पुण्यात कुठल्या तरी बोळातून निघता येतं आणि फ्रान्समधल्या, डोंगरावरच्या आल्प द्युएझ गावाला जाणाऱ्या घाटात बोळच नाहीयेत. रस्ता एक, आणि तो बंद.

मी जवळच्याच ग्रेनोबल शहरात राहतो, त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा मेसेज येतो, अरे सायकली किती वाजता येणार, आम्ही तासभर आधी पोचू. तर बाबांनो, सायकली कधी येणार हा प्रश्नच चुकीचा आहे. रस्ता कधी बंद होणार आणि कधी उघडणार हे विचारा. सायकलवाल्यांच्या साधारण दोन तास आधी कॅरावॅन येते, म्हणजे स्पॉन्सरांच्या सजवलेल्या दीडेकशे गाड्या, आणि रस्ता त्याच्याही कितीतरी आधी बंद झालेला असतो. सपाटीवरच्या गावात काही तास, पण आल्प द्युएझसारख्या घाटात गाड्यांना आदल्या दिवसापासूनच बंदी असू शकते. प्रत्येक स्टेजचं, म्हणजे रेसच्या एका दिवसाच्या टप्प्याचं, गावागावाचं टाइमटेबल टूरच्या साइटवर येतं, त्यात सायकलींचे तीन कॉलम असतात, जोरात आले तर, मध्यम आले तर, हळू आले तर. ते बघू नका. कॅरावॅनचा कॉलम बघा आणि त्याच्याही बरंच आधी जागेवर असा. रस्ता बंदीचा नेमका आदेश मात्र वेगळा निघतो, प्रशासनाचा, तो त्या त्या गावच्या मेरीच्या म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेच्या साइटवर किंवा दारावर लावलेला सापडतो.

आता २०२६ ची गंमत. २४ आणि २५ जुलै, लागोपाठ दोन दिवस फिनिश आल्प द्युएझलाच आहे, आणि लोक म्हणणार की वा, एकदाच जाऊन बसू, दोन्ही बघू. थांबा जरा. २४ ला सायकलवाले गाप गावाहून निघून नेहमीच्या २१ वळणांच्या घाटानं चढणार, १३.८ किलोमीटर. पण २५ ला, शनिवारी, ते घाटाच्या पायथ्याच्या बूर द्वाझाँहून (थोडक्यात बूर) निघून क्र्वा द फेर, टेलिग्राफ, २६४२ मीटरचा गालिबिए अशा सगळ्या खिंडी फिरून मागच्या बाजूनं, सारेन खिंडीतून वर येणार. म्हणजे शनिवारी तुम्ही सातव्या वळणावर, तो डच प्रेक्षकांच्या गर्दीचा प्रसिद्ध डच कॉर्नर, तिथं छान खुर्ची टाकून बसलात तर फिनिशला चाललेली एकही सायकल दिसणार नाही. शिवाय शनिवारी स्टार्टच बूरमधून, त्यामुळे घाटाखालचं हे गाव सकाळपासूनच गच्च असणार, आणि लोतारे खिंडीवरून ग्रेनोबल ते ब्रियाँसाँ जाणारा जो मुख्य रस्ता आहे त्याचाही एक तुकडा रेसमध्ये येतो. त्या दिवशी त्या बाजूला कोणाला फक्त फिरायला जायचं असेल तर बेत सरळ पुढे ढकला.

जायचं कसं? बूरला रेल्वे नाही. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेननं तीनेक तासात ग्रेनोबल, स्टेशनला लागूनच बस स्टँड आहे, तिथून बस, अंतर पन्नासेक किलोमीटर. रेसच्या दिवशी बसचं वेळापत्रक वेगळं असतं, आदल्या संध्याकाळी परत चेक करा. दुसरी वाट रोपवेची, आलमाँ गावातून ओझला आणि ओझहून दुसऱ्या रोपवेनं थेट वर आल्प द्युएझला, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना घेऊन येणार असाल तर हीच, फक्त शेवटचा पाळणा किती वाजता सुटतो ते वर जाण्याआधीच विचारून ठेवा. आणि सायकल असेल तर त्याहून भारी काही नाही, सायकलला बऱ्याच उशिरापर्यंत सोडतात, नंतर उतरून हातात धरून चला म्हणतात. पायी तर कधीही, पण पहिले दोन किलोमीटर जवळपास १० टक्के चढ आहे हे लक्षात असू द्या.

२०२२ ला मी काय केलं ते सांगतो. १४ जुलै, राष्ट्रीय सुट्टी, बसेस कमी, म्हणून शहाणपणा करून गाडी काढली आणि पहाटे बूरच्या अलीकडे लावली. तिथवर बरोबर होतं. चालत सोळाव्या वळणापर्यंत, ला गार्द गावाशी गेलो, सावली बघून घाटाच्या आतल्या बाजूला बसलो. दुपारी पाणी संपलं, नळ समोर दिसतोय, रस्त्याच्या पलीकडे, पंधरा पावलांवर, आणि मधे जांदार्म म्हणजे पोलीस उभा. मी नुसतं हातानं बाटली दाखवली तर त्यानं मान हलवली, नाही म्हणून. शेजारच्या आजी उठल्या, बोंजूर मस्यू, म्हणजे नमस्कार साहेब, म्हणाल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि माझी बाटली भरून परत आल्या. तेव्हापासून मी खांबालासुद्धा आधी बोंजूर म्हणतो. कॅरावॅन यायच्या आधी बहुतेक वेळा पलीकडे सोडतात, एकदा रेस जवळ आली की नाही म्हणजे नाही, त्यामुळे नळ, सावली, टॉयलेट आणि परतीची वाट हे सगळं एकाच बाजूला असेल अशी बाजू धरा.

गूगल मॅपवर फार विसंबू नका, तो वरच्या गावातले छोटे रस्ते मोकळे दाखवतो आणि तिथं गेलं की रस्ता बंदचा बोर्ड. गर्दीनं नेटवर्कही बसतं, टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा आणि चुकामूक झाली तर भेटायचं कुठं ते वळणाच्या नंबरानं ठरवा, प्रत्येक वळणावर पाटी आहे, खाली २१ पासून वर १ पर्यंत. वर मुक्काम असेल तर ब्रेड, दूध, औषधं आदल्या दिवशीच भरा आणि त्या दिवशीचं विमान अजिबात पकडायला जाऊ नका. कॅरावॅनमधून टोप्या, बिस्किटं असं काय काय फेकतात, त्यात छोटी सॉसेजही असू शकतात, डुकराच्या मांसाची, पोरं लगेच फोडून तोंडात टाकतात तेव्हा लक्ष ठेवा. २५ ला आषाढी एकादशी आहे, उगाच उपास मोडायचा.

परतीचं सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचा सायकलवाला गेला म्हणजे रस्ता उघडला असं नाही. त्याच्या मागून झाडूगाडी, म्हणजे रेस सोडलेल्यांना उचलणारी गाडी येते, मग पोलिसांची गाडी, तोपर्यंत कठड्याच्या आतच थांबा. नंतरही वर गेलेले रायडर स्वतःच सायकलवरून खाली येत असतात, तोंडात शिट्टी धरून, सुसाट, आणि लोक रस्त्याच्या मधोमध सेल्फी काढत उतरत असतात, तेव्हा शिट्टी ऐकू आली की डोंगराकडच्या बाजूला व्हा. गाड्या सोडायला बराच वेळ लागतो आणि सगळ्यांना एकाच पुलावरून, एकाच चौकातून जायचं असतं. आम्ही साडेसहाला गाडीत बसलो, ग्रेनोबलला पोचलो पावणेअकराला, एरवी तासाभराचा रस्ता आहे. आता मी बूरलाच निवांत जेवतो आणि नऊनंतर गाडीला किल्ली लावतो.