टँगोचा फ्युजन बँड काढताय? ड्रमसेट सगळ्यात शेवटी आणा

टँगो फ्युजन म्हटलं की बरेच जण आधी लॅपटॉपवर बीट लावतात आणि वर अकॉर्डियनची एखादी उदास धून सोडतात, तसं करू नका प्लीज. जुन्या टँगो ऑर्केस्ट्रात ड्रम सहसा नसायचेच. ठेका पियानो, डबल बेस आणि बँडोनियन (अकॉर्डियनसारखं भात्याचं, बटणांचं वाद्य) मिळून धरायचे आणि टँगोचा सगळा जीव त्यातच आहे. तो आधी हातात यायला हवा, मग काय मिसळायचं ते मिसळा.

सुरुवातीला पाच जण पुरे. अर्जेंटिनाचा बँडोनियनवादक आणि संगीतकार पियाझोला, त्याने १९५५ मध्ये आपल्या ऑक्टेटमध्ये, म्हणजे आठ जणांच्या बँडमध्ये, इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा जुन्या लोकांना ते अजिबात झेपलं नव्हतं, आणि १९६० चं त्याचं क्विंटेट म्हणजे बँडोनियन, व्हायोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, डबल बेस. हाच सेट घ्या. बँडोनियन वाजवणारं कोणी मिळणं कठीण आहे, कारण नेहमीच्या मॉडेलला ७१ बटणं आणि भाता उघडताना एक सूर तर मिटताना बहुतेक बटणांवर दुसराच. नाही मिळालं तर अकॉर्डियन घ्या, फक्त सूर लांबवत बसू नका, तोडून वाजवा.

पहिला महिना फक्त ठेका. मार्काटो म्हणजे चारही मात्रा ठाशीव आणि आखूड. मग ३-३-२, तोंडाने म्हणा तकिट तकिट तक, प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर टाळी, सगळ्यांची एकत्र पडेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही. त्यानंतर अरास्त्रे, म्हणजे ओढ. बेसवाल्याने बो (गज) मात्रेच्या जरा आधी सुरू करायचा आणि जोर वाढवत नेऊन मात्रेवर आदळायचा. हे नोटेशनमध्ये नीट उतरत नाही, जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकूनच येतं, पियानोवादक पुग्लिएसेचा टँगो ऑर्केस्ट्रा तर रोज ऐका. व्हायोलिनवाल्याला चिचारा शिकवा, घोडीच्या पलीकडे तारेवर बो घासून खरखर काढतात ती, तालवाद्याचं अर्धं काम तिथेच होतं.

आता मिसळणं. एका रचनेत एकच बाहेरचा प्रकार घ्या. कांदोंबेपासून सुरुवात करा असं मी सांगेन, उरुग्वेच्या राजधानीतल्या, मोंतेविदेओतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांचं हे ढोलसंगीत टँगोच्या घरातलंच आहे, चिको, रेपिके आणि पियानो असे तीन ढोल (हा पियानो म्हणजे ढोलच हं), त्यामुळे जोड दिसत नाही. जॅझ घेतलात तर सोलो कितीही मोकळा सोडा पण खाली पियानोचा मार्काटो चालू राहू द्या.

इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात अवघड, कारण टँगो श्वास घेतो, ओळीच्या शेवटी रेंगाळतो, मध्येच पळतो, आणि मशीनची ठरावीक टिकटिक, म्हणजे क्लिक, जागची हलत नाही. पॅरिसच्या गोतान प्रोजेक्टने २००१ च्या अल्बममध्ये बीट स्थिर ठेवून बँडोनियन वर तरंगत ठेवलं, तो एक रस्ता. मला दुसरा जास्त आवडतो, लूपमध्ये ठेका ठेवायचाच नाही, नुसते आवाज ठेवायचे आणि ते वादकाने बाकीच्यांकडे बघत हाताने सोडायचे.

अशा तीन रचना बसल्या की मग ड्रमर बोलवा, तोही आधी काठ्यांऐवजी ब्रश घेऊन. आणि दर रिहर्सलला एकाला खोलीत नुसतं चालायला लावा, टँगो नाच मुळात चालणंच आहे. जिथे त्याचं पाऊल अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त तेवढेच बार घ्या, ड्रमशिवाय.